आबाजींचा उजवा आणि डावा

आबाजी माणसावर रागावले की त्याच्या नावानं जंबेरी लावायचे.

जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी लिंबाचं झाड. तिच्या रोपाची साल उकलून आत संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवला की संत्र्याचं कलम तयार होतं. आबाजींच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, अशी रोपं ओळीनं उभी असत आणि त्या ओळींत सगळं सोनाळा गाव असायचं. "हा सरपंच," ते मला बोट करून दाखवायचे. "हा न्हावी. अन् हा माहा साडू. याच्यापासून जरा दूर उभ्या राहा बाई, काटा मारते." हिवाळा लागला की ते या सरपंचाच्या खोडाला चाकूनं बारीकशी चीर द्यायचे, डोळा आत सरकवायचे आणि केळीच्या ओल्या सोपटानं, खोडाच्या सालीनं, बांधून टाकायचे. तीन आठवड्यांनी सोपट सोडून बघायचे. डोळा हिरवा असला तर टोपी चढवून थेट खऱ्या सरपंचाच्या घरी. "सरपंच, तू गोड झाला बे! आपलं भांडन मिटलं." डोळा वाळला असला तर त्या माणसाशी वर्षभर बोलणं बंद. त्याच्याशी बंद, एवढंच. त्याच्याविषयी गावभर चालूच.

मी मॅट्रिक होऊन मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून सोनाळ्याला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. मी साखरखेर्ड्याची, घाटावरची. घाटाखालची ही बोली ऐकून पहिले पंधरा दिवस मला शाळेतल्या मुली काय सांगतात तेच समजेना. गावाच्या कडेला, जिथून सातपुडा अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो, तिथं आबाजींचं घर आणि घरामागे पन्हेरी होती. घरात ते आणि त्यांची बायको. तिला सगळे जिजी म्हणत. एकुलती एक मुलगी वरवट बकालला दिलेली. खोली मागायला गेले तेव्हा आबाजींनी माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आयकता येते का तुमाले?"

मला वाटलं, कानाबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, "येतं की."

"मंग राहा. बोलनारे लय हायेत या गावात. आयकनारं मानूस पायजे होतं."

तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले आणि त्यातली सहा ऐकत राहिले. दात घासताना ते सुरू व्हायचे. शेळीशी, विहिरीवरच्या मोटेशी, आकाशातून गेलेल्या विमानाशी, पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या भावाशी बोलायचे. भाऊ जणू समोर बसून उलट उत्तर देतो आहे अशा चिडीनं बोलायचे. जिजी मात्र दिवसात पाच वाक्यं बोलली तर बोलली. परीक्षेचे पेपर तपासताना मी कितीदा तरी पेन खाली ठेवून मनात म्हटलं असेल, हा माणूस थोडा वेळ गप्प बसला तर बरं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

ते संत्रं खात नसत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "माह्या घरचं लेकरू हाय ते. सोलून खाऊ काय?" पन्हेरीत चप्पल घालून कोणाला येऊ देत नसत. कलम करताना त्यांची नजर हातावर नसायचीच. नजर तुमच्या तोंडाकडे, तोंड बोलण्यात, आणि खाली हात आपापलं काम करत असत. डाव्या हाताच्या दोन बोटांत रोप धरलेलं, उजव्यात चाकू. एक उभी चीर, एक आडवी. संत्र्याच्या डोळकाडीवरून डोळा उचलायचा, सालीखाली ढकलायचा, बांधायचा. मी एक गोष्ट ऐकेपर्यंत दहा रोपं झालेली असायची. बाहेरगावचे बागाइतदार म्हणायचे, आबाजींनी बांधलेला डोळा सहसा मरत नाही.

त्यांना काही झालं आहे हे सगळ्यांत उशिरा आमच्या ध्यानात आलं, कारण ते तंबाखू मळायचे. उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर सारखा फिरत असायचा आणि तो तसाच फिरताना आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो होतो. एक दिवस जिजी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, त्याईच्या हातात तंबाखू नसते."

"म्हणजे?"

"तंबाखू नसते, तरी मळून राह्यले."

मी जाऊन पाहिलं. आबाजी ओसरीवर बसून कोणाला तरी शिव्या देत होते आणि मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात रिकामीच तंबाखू मळत होता.

त्या हिवाळ्यात त्यांनी बांधलेले निम्मे डोळे वाळले. ते कोणाला सांगितलं नाही. जंबेरीचं बी खराब निघालं म्हणाले, पाणी खारं झालं म्हणाले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात मनगटापासून हलायला लागला. चहाची बशी ओठांपर्यंत जाईना. एका साखरपुड्याला गेले तेव्हा पंगतीत कढी शेजाऱ्याच्या अंगावर सांडली, त्यानंतर ते कुठल्याच पंगतीला गेले नाहीत. हाताशी भांडण सुरू झालं. "थांब बे, हरामखोरा. थांब म्हन्तो नं तुले." डाव्या हातानं उजवा दाबून धरायचे. जिजीनं एकदा सहज सांगितलं की ते झोपले की हातही झोपतो, जराही हलत नाही. यावर ते फार दुखावले.

"म्हंजे मी जागा हाओ, हाच माहा गुन्हा," ते म्हणाले.

गावानं आपल्या परीनं सगळं केलं. कोणी तेल दिलं, कोणी सातपुड्यातल्या भगताकडे नेलं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी कंप थोडा उतरला, पण तोंड इतकं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची. चार दिवस आबाजी घोगरं, तुटक बोलत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी बाटली विहिरीत फेकली. "हात हालते तं हालू दे. बोलनं बंद करनारी गोळी मले नाही पायजे." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्याच अकोल्याच्या डॉक्टरांनी नंतर मुंबईच्या एका सर्जनची गोष्ट काढली. ते म्हणे कवटीला लहानसं भोक पाडून मेंदूत एक बारीक सळई घालतात, विजेनं तपासून नेमकी जागा शोधतात आणि कंप थांबवतात. हे ऐकून जिजीनं पदर तोंडाला लावला. आबाजींचे डोळे मात्र चमकले. त्यांनी डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले. भोक केवढं, सळई केवढी, आणि सळई धरणाऱ्याचा हात कसा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं शेगावहून गाडीनं मुंबईला गेलो. मला न्यायचं कारण एवढंच की मी चार पुस्तकं शिकले होते आणि माझी भाषा तिकडच्या लोकांना कळेल असं जिजीला वाटत होतं. ते खरंच निघालं. सर्जन बुटके, मऊ आवाजाचे होते. मराठी बोलत, पण शाळेच्या पुस्तकात असतं तसं. आबाजींनी पहिल्याच भेटीत त्यांना सलग पाव तास काहीतरी सांगितलं आणि सर्जन माझ्याकडे बघून म्हणाले, "यातलं मला एक अक्षर कळलं नाही."

ही शस्त्रक्रिया रोग्याला गुंगी न देता करतात. तो जागा असावा लागतो, त्याला काय वाटतं ते त्यानं सांगावं लागतं. म्हणून सर्जननी ठरवलं की मी आत यायचं. मला पांढरा झगा घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि आबाजींच्या उजव्या खांद्याशी उभं केलं. त्यांचं डोकं भादरलेलं होतं. डोक्याभोवती लोखंडी चौकट स्क्रूंनी पक्की बसवली होती. कातडी बधिर केलेली असली तरी हाडाला भोक पाडतानाचा आवाज त्यांना ऐकू येत होता, मलाही येत होता. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा, पण जाड. आबाजी त्या आवाजावरूनही बोलत होते. "बाई, सायबाले सांगा, गिरमिट बोथट हाय." मी ते सांगितलं नाही.

मग ती सळई आत गेली. बाजूला एक पेटी होती, तिला बटणं आणि काटे होते. सर्जन म्हणाले, "आता थोडा करंट सोडतो. काय होतं ते सांगा."

"मुंगळे चालून राह्यले हातातून," आबाजी म्हणाले. "आंगठ्यापासून तं कोपरालोक."

"हाताला मुंग्या येताहेत," मी म्हटलं. "अंगठ्यापासून कोपरापर्यंत."

सर्जननी सळई केसभर हलवली. परत करंट. या वेळी हात इतका थडथडला की खालचं टेबल वाजायला लागलं. मी घाबरून सर्जनकडे पाहिलं. ते शांत होते. त्यांनी दुसरं बटण फिरवलं आणि हात थांबला. हळूहळू नव्हे, एकदम. चालता पंखा कोणी हातानं धरावा तसा. त्यांनी करंट बंद केला, हात परत हलायला लागला. सोडला, थांबला. असं तीनदा केलं. दीड वर्षात मी तो हात जागेपणी थांबलेला पाहिला नव्हता.

आबाजी गप्प झाले होते. त्यांना चौकटीमुळे मान वळवून हात बघता येत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कोन धरला माहा हात?"

"कोणीच धरलेला नाही, आबाजी."

"खोटं नका बोलू बाई. कोनं तरी धरला."

सर्जननी मला समजावून सांगितलं की करंट बंद केला की कंप परत येणार. कायमचा थांबवायचा तर सळईच्या टोकाशी असलेला तेवढाच ठिपका जाळावा लागतो. तो त्यांनी जाळला. मग आबाजींना उजव्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो आडवं पडल्या पडल्या छातीवर सरळ उभा धरला. पेल्यातलं पाणी हललं नाही. बाहेर येऊन मी जिजीला सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना आणि जिजी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढची दोन वर्षं आबाजींच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यांत सुखाची. वरवट बकालहून, तेल्हाऱ्याहून माणसं तो हात बघायला यायची. ते टोपी काढून टाळूवरचा खळगा दाखवायचे, पोरांना तिथं बोट लावू द्यायचे. "अठी तार घातली सायबानं. तो बी माह्यासारखाच हाय. मी सालीत घालतो, तो टकुऱ्यात घालते." गोष्ट दर वेळी वाढत जायची. शेवटी शेवटी तर सर्जनचं गिरमिट बोथट असल्यामुळे आबाजींनीच ते टेबलावर पडल्या पडल्या परजून दिलं होतं. पन्हेरीत पुन्हा सरपंच, न्हावी, साडू उभे राहिले. नवीन तहसीलदारही आले.

आणि मग डावा हात हलायला लागला.

लोकांना वाटेल, उजवा चांगला आहे, डाव्याचं एवढं काय? पण कलम बांधणाऱ्याला दोन्ही हात सारखेच लागतात. उजवा कापतो, डावा धरतो. धरणारा हलला तर कापणाऱ्याचं कौशल्य मातीत. आबाजींनी रोप खुंटीला बांधून पाहिलं. दोन दगडांत अडकवून पाहिलं. मग जिजीला धरायला बसवलं. त्या दिवशी मी शाळेतून आले तर पन्हेरीत आवाज नव्हता. आत गेले. जिजी आंब्याखाली बसून अंगठ्याला फडकं गुंडाळत होती, फडकं लाल झालेलं. डाव्या हाताचा झटका बसून चाकू तिच्या अंगठ्यात हाडापर्यंत गेला होता. आबाजी ओळीच्या टोकाला उकिडवे बसले होते. समोर डोळकाड्यांचं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पुडकं होतं, ते त्यांनी सोडलंही नव्हतं. मी जवळ गेल्यावर त्यांनी वर पाहिलं. त्यांचे गाल ओले होते.

"मुंबईले चला, बाई," एवढंच ते म्हणाले.

मी शाळेतून रजा काढली. दुसऱ्या खेपेला सर्जननी त्यांना तपासलं आणि त्यांचा चेहरा पडला. आम्ही तिघं त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. आबाजी डावा हात उजव्यानं दाबून. सर्जन आपल्या पुस्तकी मराठीत सावकाश बोलले.

"एका बाजूला केलेलं चालतं. दोन्ही बाजूंना केलं की वाचेवर परिणाम होण्याचा धोका असतो. काहींची वाचा जाते आणि ती परत येत नाही. मी तुम्हाला करा असं सांगणार नाही. तुम्ही ठरवा."

आबाजी माझ्याकडे वळले. "काय म्हन्ते सायब? वाचा म्हंजे?"

ती वेळ मला आजही लख्ख आठवते. टेबलावर काचेखाली कोणाचा तरी फोटो होता, वर पंखा फिरत होता. मला शब्द माहीत होते. 'बोलणं जाईल, आबाजी. कायमचं जाऊ शकतं.' एवढंच म्हणायचं होतं. पण मला तो चालता पंखा धरल्यासारखा थांबलेला हात दिसत होता, जिजीचा अंगठा दिसत होता. आणि खरं सांगायचं तर या माणसाचं बोलणं जाऊ शकतं ही गोष्टच माझ्या मनाला पटेना. नाही पटली. त्यांचं बोलणं म्हणजे मला त्यांच्या घराच्या भिंतीसारखं वाटायचं.

मी म्हटलं, "बोलणं जरा जड होईल, म्हणतात."

"जड होईन तं होऊ दे," आबाजी म्हणाले. "लय हलकं बोल्लो आजलोक." आणि हसले.

सर्जननी मला विचारलं, "त्यांना समजलं ना सगळं?"

मी हो म्हटलं. जिजी खाली मान घालून आपल्या अंगठ्याच्या पट्टीकडे बघत होती. आबाजींनी कागदावर उजव्या हातानं सही केली. अक्षर छान आलं.

त्या वेळीही मी आत उभी होते. या खेपेला सर्जननी सांगितलं होतं की रोग्याला सारखं बोलतं ठेवा, म्हणजे वाचा ठीक आहे हे कळत राहील. आबाजींना बोलतं ठेवायला सांगणं! ते पन्हेरीतल्या ओळी म्हणायला लागले. पहिल्या ओळीत कोण, दुसरीत कोण, कोणाचं काय चुकलं. सर्जननी करंट सोडला आणि तहसीलदारांच्या मध्यावर आबाजी अडखळले. "त, त, त," असं झालं. सर्जन लगेच थांबले, सळई मागे घेतली, जागा बदलली. पुन्हा करंट. बोलणं सुरळीत. पुन्हा तपासलं, पुन्हा सुरळीत. मग जाळलं. डावा हात थांबला. आबाजी बोलतच होते. सर्जननी फडक्याआडून मोठा श्वास सोडला आणि मला वाटलं, बरं झालं आपण त्यांना घाबरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात त्यांचा आवाज बसला होता, थंडीनं बसतो तसा. संध्याकाळी तो आणखी खाली गेला. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा फुगत होत्या आणि बाहेर नुसता वारा येत होता. ते माझ्याकडे बघत होते. मी सर्जनकडे धावले. ते आले, त्यांनी आबाजींना आ करायला लावलं, जीभ हलवायला लावली. म्हणाले, "आतली सूज आहे. सूज उतरली की कदाचित येईल." येईल म्हणताना त्यांनी आबाजींकडे पाहिलं नाही. सहा आठवडे ते रोज वॉर्डात येऊन बसत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी सांगितलं होतं.

वाचा आली नाही. म्हणजे अगदी मुके झाले असंही नाही. कान तोंडाशी नेला तर कुजबुजीसारखं काहीतरी ऐकू यायचं, पण शब्द एकमेकांत मिसळलेले असायचे, भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखे. सुरुवातीला गावातली माणसं येत, वाकून वाकून ऐकत, "काय म्हनता आबाजी? पुन्यांदा म्हना." पुन्हा म्हणायला त्यांना फार कष्ट पडायचे. मग माणसं न ऐकताच मान हलवायला लागली. मग आबाजींच्या देखत त्यांच्याविषयी जिजीलाच विचारायला लागली, "जेवते का बरोबर?" मग यायची बंद झाली. सरपंच एकदा रस्त्यात मला म्हणाले, "बाई, त्याईच्या शिव्या खाल्ल्याशिवाय करमत नाही बुवा." पण तेही येत नसत.

हात मात्र दोन्ही उत्तम होते. पुढच्या हिवाळ्यात आबाजींनी बांधलेले डोळे कधी नव्हे इतके जगले. ते पहाटेपासून ओळीत असायचे. आता त्यांची नजर हातांवर असायची. रोपांना नावं दिलेली नव्हती. निदान दिलेली कोणाला ऐकू आली नव्हती. मी माझ्या खोलीत पेपर तपासायला बसायचे आणि भिंतीपलीकडून काही यायचं नाही. विहिरीवर रहाटाचा आवाज यायचा, शेळी ओरडायची. मला पेपर तपासता येत नसत. मी ते शाळेत नेऊन तपासायला लागले.

पुढच्या काळात या रोगावर चांगली गोळी निघाली. आबाजींच्या कामाची वेळ टळून गेल्यावर ती आमच्या भागात पोचली. आणि आता तर, माझी भाची नर्स आहे ती सांगते, मेंदूत जाळत नाहीत. बारीक तार कायमची आत ठेवतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात आणि करंट चालू राहतो. बोलण्याला त्रास व्हायला लागला तर करंट कमी करता येतो. वाटलं तर बंदही करता येतो. भाची हे कौतुकानं सांगत होती. मी तिला विचारलं, "बंद केलं की बोलणं परत येतं?" ती म्हणाली, "पुष्कळदा येतं, मावशी." मी उठून आत गेले.

आबाजी गेल्याचं मला जिजीनं कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या कार्डानं कळलं. तेव्हा मी साखरखेर्ड्याला होते. पण त्याआधी, बदलीचा हुकूम आला तेव्हा, सोनाळा सोडायच्या आदल्या दिवशी मी पन्हेरीत गेले होते.

सकाळची वेळ होती. आबाजी ओळीच्या मध्यावर पाटावर बसून डोळे बांधत होते. मी चप्पल बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर मातीत बसले. बराच वेळ त्यांचे हात बघितले. मग मी बोलले. तीन वर्षं मनात घोकलेलं होतं, तरी नीट जमलं नाही.

"आबाजी, मुंबईला सायबांनी विचारलं होतं ना. त्यांनी सांगितलं होतं की बोलणं कायमचं जाऊ शकतं. मी तुम्हाला जड होईल म्हणाले. मी खोटं सांगितलं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं."

त्यांनी चाकू मिटला आणि पाटावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. त्या आजारात माणसाचा चेहरा थिजतो, राग, हसू काही कळत नाही. त्यांचे ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. तंबाखूचा वास आणि गरम वारा. काहीतरी लांबलचक बोलत होते. मला एखादाही शब्द वेगळा काढता आला नाही. "काय आबाजी?" मी म्हटलं. त्यांनी परत सगळं सांगितलं, तेवढंच लांबलचक, गळ्याच्या शिरा ताणून, कपाळावर घाम येईपर्यंत. मी परत विचारायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. त्यांनी चाकू उघडला.

विहिरीजवळ जिजी केळीची सोपटं पाण्यातून काढून पिळत होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काय म्हन्ले?"

"नाही कळलं, जिजी." मग मी तिलाही सांगितलं, सायबांनी काय सांगितलं होतं आणि मी काय सांगितलं.

जिजीनं हातातलं सोपट पिळून बाजूला ठेवलं. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "सायबाचं तोंड पाहून समजलं. तुमचंबी."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

ती अंगठ्यावरचा जुना व्रण चोळत राहिली. "मी बोल्ली असती तं हे घरी आले असते. दिवसभर बोलले असते अन् हाताकडं पाहून रडले असते. मले ते पाहवत नव्हतं, बाई."

मी ओळीकडे पाहिलं. आबाजी पुढच्या रोपाची साल उकलत होते.

"मलेबी नाही समजत त्याईचं बोलनं आता," जिजी म्हणाली. "हाव म्हना. जा. मानूस वाट पाहते."

मी परत ओळीत गेले. त्यांच्याजवळ वाकले आणि म्हणाले, "हो, आबाजी."

त्यांनी मान हलवली. आणि पाट उचलून पुढच्या रोपापाशी नेला. मी कशाला हो म्हणाले, ते मला माहीत नाही.